आसेदाचा साक्षीदार

खेकड्याच्या पोटी पाखरू जन्मत नाही, ही एक म्हण. नदी ओलांडून होईपर्यंत मगरीच्या थोबाडाला नावं ठेवू नयेत, ही दुसरी. तेतेक्रोमच्या दरबारात त्या रविवारी ओच्यामे अमोआतेंग उभा राहिला, त्यानं घसा खाकरला आणि भारदस्त आवाजात सांगितलं, "खेकड्याच्या पोरानं नदी ओलांडून होईपर्यंत पाखराला नावं ठेवू नयेत."

मग म्हाताऱ्यांच्या बाकावरून एक लांबलचक हुंकार आला आणि एकामागून एक माना डोलायला लागल्या. धाकटा ओच्यामे बादू याने तर डोळेच मिटले. "काय खोल बोललात," तो पुटपुटला. "घरी जाऊन विचार करायला पाहिजे."

घरी जाऊन काय विचार करणार होता, कपाळ? अमोआतेंगला पक्कं माहीत होतं काय झालं ते. सुरुवात खेकड्यापासून केली, वाटेत खेकडा हरवला, हाताला मगरीची म्हण लागली, ती पकडून त्यानं वाक्य कसंबसं काठाला लावलं. त्याला काही अर्थ नव्हता. असल्या कचऱ्यावर माना डोलावणाऱ्या या गाढवांपुढे आपण चाळीस वर्षं मोती उधळले, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला मनापासून किळस आली. पण तो खाली बसला तेव्हा त्याने हातातली काठी मात्र घट्ट धरली होती.

ती काठी म्हणजे त्याचा सगळा जन्म. तेतेक्रोममध्ये नाना, म्हणजे राजा, गादीवर बसतो, पण लोकांशी बोलत नाही. लोकही नानाशी बोलत नाहीत. मधे ओच्यामे असतो. लोक ओच्यामेला सांगतात, तो नानाला सांगतो. नाना जे पुटपुटेल त्याला ओच्यामे पागोटं बांधून, नटवून लोकांपुढे उभं करतो. त्याच्या तोंडून निघालं की ते नानाचं झालं, मागे घेता येत नाही. काठीच्या टोकाला सोन्याच्या मुलाम्याची दोन माणसं कोरलेली, एक जेवतंय आणि दुसरं बघतंय. थोरला ओच्यामे म्हणून ती अमोआतेंगच्या हातात आली तेव्हा आत्ताचा नाना इटलीत टोमॅटो तोडत होता.

आत्ताचा नाना न्तिम हे एक वेगळंच प्रकरण. वीस वर्षं परदेशात काढून आला आणि मामा वारल्यावर गादीवर बसला. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या भाषेतली एक म्हण धड येत नाही. "नाही म्हणून सांग त्यांना," एवढंच तो बोलायचा, आणि त्या 'नाही'तून अमोआतेंग असं भाषण विणायचा की नकार ऐकून गेलेला माणूस स्वतःला भाग्यवान समजायचा. वासरात लंगडी गाय शहाणी, पण ही गाय लंगडी नव्हती. निदान तेव्हा तरी.

नऊ वर्षांपूर्वी अमोआतेंगचा उजवा हात कापायला लागला. काठी धरली की थांबायचा, म्हणून गावाला कळलंच नाही. मग चेहरा हलेनासा झाला. हसू उमटेना, कपाळाला आठी पडेना. लोक म्हणाले, वयानं कसं गांभीर्य आलंय बघा. चालणं आखूड झालं. लोक म्हणाले, राजाच्या माणसानं असंच सावकाश चालावं. रोग एकेक पायरी चढत होता आणि तेतेक्रोम प्रत्येक पायरीला टाळ्या वाजवत होतं. आता तो डोक्यात पोचला होता, आणि दरबाराला वाटत होतं की ओच्यामेला ज्ञान झालंय.

त्याची बायको पोमा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. दरबाराच्या त्या रविवारनंतर तिनं त्याला धरून त्रोत्रोत, म्हणजे वडापच्या गाडीत, बसवलं आणि कुमासीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर मेमुना उत्तरेकडची, वयानं त्याच्या धाकट्या लेकीएवढी. तिनं नाडी पाहिली, मनगट वाकवून पाहिलं, चालून दाखवायला सांगितलं आणि मग म्हणाली, "बाबा, आठवड्याचे वार उलटे म्हणून दाखवा. शनिवारपासून."

अमोआतेंगनं पोमाकडे पाहिलं. यासाठी आणलंस का मला, असं ते बघणं होतं. आमच्याकडे पोराला जन्मवाराचंच नाव मिळतं; जो माणूस नुसत्या वारावरून कोणाचंही नाव सांगतो, त्याला ही कालची पोर वार विचारते.

"शनिवार," तो म्हणाला. "शुक्रवार." मग पुढचा वार आला नाही. त्याने वाट पाहिली. रविवार आला, पण ती पाळी त्याची नव्हती. सोमवार त्याच्यामागून डोकावला. "वार उलटे मोजले की पाऊस जमिनीतून पडतो," अमोआतेंग म्हणाला. "आमच्याकडे म्हण आहे."

"छान आहे," डॉक्टर म्हणाली. "पण शुक्रवारच्या आधी काय?"

ती मान डोलावत नव्हती, हे पाहून त्याला राग आला आणि थोडी भीतीही वाटली. मग तिनं दोघांना बसवून सरळ सांगितलं. हा आजार हातापायापुरता राहत नाही. काही जणांच्या मेंदूत तो पसरतो. विचार मंदावतो, शब्द वेळेवर सापडत नाहीत, एकातून दुसरं काढायला जमत नाही, कधी चांगलं सुचतं तर कधी सगळं धुकं. "आणि माणसं दिसतात, बाबा. नसलेली. दिसतात का तुम्हाला?"

"नाही," अमोआतेंग म्हणाला.

"अंगणात तीन पोरं येऊन बसतात," पोमा म्हणाली. "रोज त्यांना रागावतात. शिस्त नाही, नमस्कार करत नाहीत म्हणून. परवा पलंगावरून बकरी हाकलली."

"ती पोरं बोलतात का?"

"काय बोलणार, निर्लज्ज आहेत," अमोआतेंग म्हणाला, आणि मग आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

डॉक्टर हसली नाही. "हे वेड नाही, करणी नाही. आजार आहे. कोणी अनोळखी दिसलं, किंवा असू नये असं कोणी दिसलं, तर बोलायच्या आधी काकूंना विचारा, तुलाही दिसतोय का म्हणून."

"चाळीस वर्षं अख्खा मुलूख मला विचारून नानाशी बोलला," तो म्हणाला. "आता मी बायकोला विचारून पाहुण्याशी बोलू?"

"हो," डॉक्टर म्हणाली.

परतीच्या वाटेवर पोमानं डॉक्टरनं दिलेल्या, रोज वेळेवर घ्यायच्या गोळ्या कापडाच्या टोकाला बांधल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "काठी देऊन टाका आता."

"कुणाला देऊ? बादूला?" त्याला एवढा तिटकारा आला की शब्द आपसूक जागेवर आले. "तो नानाची शिंकसुद्धा शहाणपणाची म्हणतो. त्याच्या हातात काठी देण्यापेक्षा चुलीत घालीन."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं आहे," पोमा म्हणाली. "पण तुमची मूठ कापते."

त्यानं काठी दिली नाही. आणि त्याच महिन्यात तवियाह आली.

तवियाह म्हणजे ओपोकूची विधवा. डोक्यावर शिजवायच्या केळ्यांचा घड घेऊन ती आली, तो पोमापुढे ठेवला आणि अंगणात खाली बसली. ओपोकूनं तिशीत लावलेला कोकोचा मळा तिनं त्याच्याबरोबर पंचवीस वर्षं राबून वाढवला होता. आता ओपोकू गेला. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं सगळं त्याच्या आईच्या घराण्यात परत जातं. बायको दुसऱ्या घराण्याची, पोरं बायकोच्या घराण्याची. बहिणीचा मुलगा वारस, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ओपोकूचा भाचा आजेई मामाचा चाळीसावा दिवस उलटेपर्यंत मळ्याकडे फिरकला नव्हता, तो आता पट्टी घेऊन झाडं मोजत होता.

पण ओपोकू काही मूर्ख नव्हता. जिवंतपणीच त्यानं मळा बायकोला देऊन टाकला होता. दिलेलं दान पक्कं व्हायचं तर घेणाऱ्यानं साक्षीदारांपुढे आभाराची बाटली ठेवायची आणि सगळ्यांनी ती तिथेच प्यायची. त्याला आसेदा म्हणतात. आसेदा झाली की देणाऱ्याचा भाचा काय, देणाऱ्याचा बाप आला तरी दान मोडत नाही. आसेदा झाली नसेल तर ते नुसतं प्रेमानं बोललेलं वाक्य, आणि असली वाक्यं नवरे कितीतरी बोलतात.

"तीन साक्षीदार होते," तवियाह म्हणाली. "दोघं गेले. तिसरे तुम्ही. आजेई म्हणतो, असं काही झालंच नाही. शहरातल्या कोर्टात जायचं तर माझी नातवंडं म्हातारी होतील. नानापुढे तुम्ही एवढंच सांगा, ओच्यामे, की तुम्ही होतात आणि तुम्ही प्यायलात. तुमचा शब्द कोण मोडणार?"

"सांगेन," अमोआतेंग म्हणाला. "काळजी करू नकोस."

ती गेल्यावर पोमा केळी उचलून आत नेत होती, ती दारातच थांबली. "आठवतंय का तुम्हाला?"

"मला आठवणार नाही तर कुणाला?"

"मग सांगा, ओपोकूनं तुम्हाला कुठे बसवलं होतं?"

"पाहुण्याला जागा विचारू नये, त्याचं पोट विचारावं."

"मला म्हण नको," पोमा म्हणाली. "मी दरबार नाही. जागा सांगा."

तो चिडला. जागा काय महत्त्वाची, म्हणाला. पण त्यानं आत शोधलं आणि तिथे काहीच नव्हतं. ओपोकूचा चेहरा होता, मळा होता, कोको वाळत घातल्याचा आंबूस वास होता. बाटली नव्हती.

पोमानं केळी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. कोको वाळवायच्या चटयांपाशी बसले होते. तवियाहनं श्नॅप्सची बाटली ठेवली, पहिला पेला ओच्यामेचा. ओपोकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे सगळं तुम्ही घरी येऊन मला सांगितलंत. मी जेवणाचा फुफू कुटत होते. तोंडाला दारूचा वास येत होता म्हणून मी तुम्हाला लांब बसायला सांगितलं. ओपोकू रडला म्हणून तुम्ही हसत होतात."

अमोआतेंगनं दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसं ते ऐकलं.

"एवढंच म्हणायचं," पोमा म्हणाली. "मी होतो, मी प्यायलो. दोन शब्द इकडे, दोन तिकडे."

"जे मी पाहिलं ते मी सांगतो. आयुष्यात मी ऐकीव गोष्टीवर साक्ष दिली नाही."

"तुम्ही पाहिलंय हो."

"पाहिल्याचं मला आठवत नाही."

"मग मला आठवतंय ते धरून चाला," पोमा म्हणाली. "बायका दुसरं काय करतात आयुष्यभर?"

निवाड्याच्या दिवशी तिनं त्याला जाड कापड नेसवलं, कापडाच्या टोकाला दुपारच्या गोळ्या बांधल्या आणि वाटभर त्याच्याकडून ते वाक्य घोकून घेतलं. मी होतो, मी प्यायलो. दरबाराच्या फाटकापर्यंत ते पाठ होतं.

नाना नेहमीप्रमाणे उशिरा आला. गोळ्यांची वेळ झाली आणि निघून गेली. गाठ सोडून तोंडात टाकायला कितीसा वेळ लागणार, पण शेजारी बादू बसला होता. बादूच्या देखत कापऱ्या बोटांनी गाठ सोडत बसायचं, पाणी मागायचं, त्यानं अदबीनं पेला पुढे करायचा, हे अमोआतेंगच्या गळ्याखाली उतरेना. त्यानं गाठीला हात लावला नाही. हळूहळू अंग जड झालं आणि डोक्यातही कुणी ओलं कापड भरल्यासारखं वाटायला लागलं.

आधी आजेई बोलला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात फोन, आणि मामाच्या आठवणीनं भिजलेला आवाज. हा आवाज ओपोकू आजारी असताना एकदाही ऐकू आला नव्हता. "मामा प्रेमळ होता. बोलण्याच्या भरात कुणालाही काहीही देऊन टाकायचा. मला एकदा आकाशातला चंद्र दिला होता. पण आसेदा कुठाय? बाटली कुणी पाहिली?"

लोक हसले. मग तवियाह उठली. जास्त बोलली नाही. "पाहिली असं काय विचारता, प्यायली. ओच्यामे अमोआतेंग प्यायले. त्यांनाच विचारा."

सगळ्यांची तोंडं वळली. अमोआतेंग काठीच्या आधारानं उभा राहिला. वाक्य तोंडाशी आणायला गेला तर ते तिथे नव्हतं. चटया होत्या. कुणीतरी रडलं होतं. कुणीतरी फुफू कुटत होतं, पण ती या प्रकरणातली होती की दुसऱ्या? कुणी प्यायलं? दरबार वाट पाहत होता आणि ती शांतता बाकावरच्या म्हाताऱ्यांना फार आवडत होती. केवढा तोलून बोलणार आता, असं त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलं होतं.

आणि मग त्याला तवियाहच्या मागच्या बाकावर ओपोकू दिसला. तपकिरी कापड नेसून, गुडघे जवळ घेऊन, नेहमीसारखा अंग चोरून बसलेला. अमोआतेंगच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका वेळ हा माणूस इथे बसलाय आणि आपल्याला उन्हात वाळत घातलंय.

"मला कशाला विचारता?" तो म्हणाला. "दान देणारा समोर बसलाय. ओपोकूला विचारा की."

मग बादूनं खाली वाकून चपला काढल्या आणि बाकाखाली सरकवल्या. त्याचं पाहून बाकावरचे म्हातारे भराभर अनवाणी झाले, कारण पितर आल्यावर पायात चप्पल ठेवायची नसते. आजेईनं काळा चष्मा उतरवला. त्याचे डोळे बारीक आणि घाबरलेले होते. नानानं स्वतः, गादीवर बसल्या बसल्या, खांद्यावरचं कापड खाली ओढून पितराच्या मानासाठी खांदा उघडा केला.

अमोआतेंगला कळेना की झालं काय. त्यानं बायकांच्या घोळक्यात पोमाकडे पाहिलं. पोमानं अगदी थोडीशी मान हलवली. नाही. मला दिसत नाही.

"ओच्यामे," नाना हळू आवाजात म्हणाला. मधे कुणाला न घालता, थेट. "काय म्हणतोय तो?"

ओपोकू काहीच म्हणत नव्हता. कापडावरचा धागा ओढत होता.

आता अख्खा दरबार अमोआतेंगच्या मुठीत होता. असा तो चाळीस वर्षांत कधी नव्हता. मी प्यायलो, एवढं म्हणायचीही गरज नव्हती. ओपोकू म्हणतो आसेदा झाली, एवढं म्हटलं असतं की मळा तवियाहचा आणि काठी मरेपर्यंत आपली. शिवाय ते खरंही होतं. निदान पोमा म्हणत होती, आणि पोमा खोटं बोलत नसे. तवियाह त्याच्याकडे बघत होती. तिचे हात मांडीवर पालथे पडले होते आणि ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

पण अमोआतेंगची नजर बादूच्या अनवाणी पायांवर गेली. बोटं आत वळवून, भक्तिभावानं जुळवून ठेवलेले ते पाय. मग त्यानं म्हाताऱ्यांचे वासलेले जबडे पाहिले. इटली पाहून आलेला नाना लहान पोरासारखा उघड्या खांद्यानं बसलेला पाहिला. आणि त्याला तुच्छतेची अशी उकळी आली की डोक्यातलं ओलं कापड जळून गेलं. वर्षभरात जे झालं नव्हतं ते झालं. शब्द रांगेत उभे राहिले.

"तो काही म्हणत नाही," अमोआतेंग म्हणाला, "कारण तो इथे नाही. ओपोकू मेला. आपण त्याला पुरलं. त्याच्या दिवसांच्या जेवणावळीत बादूनं तीनदा ताट भरून घेतलं, ते तरी आठवत असेल. पायात चपला घाला, मंडळी, इथे पितर नाहीत. इथे एक आजारी म्हातारा आहे. माझ्या हातात जो रोग आहे तो डोक्यात चढलाय. मला अंगणात पोरं दिसतात, पलंगावर बकरी दिसते, ती बकरीही तुमची पूर्वज आहे का? कुमासीच्या एका पोरीनं मला शनिवारपासून उलटे वार विचारले, मला दोनाच्या पुढे सांगता आले नाहीत. आणि तुम्ही? वर्षभर मी तुमच्यापुढे मोडक्या म्हणी फेकतोय आणि तुम्ही माना डोलावताय. एकालाही कळलं नाही की म्हातारा बरळतोय. माझा मेंदू रोगानं झिजला. तुमचे कशानं झिजले?"

काय तो आवाज होता. चढ कुठे, उतार कुठे, सगळं जिथल्या तिथे. त्याचं त्यालाच ऐकत राहावंसं वाटत होतं.

"आसेदा झाली का? मला आठवत नाही," त्यानं शेवट केला. "मी ऐकीव सांगत नाही. हे घ्या." आणि त्यानं काठी वाकून नानाच्या पायरीवर ठेवली.

मग तो उभा राहिला आणि त्यानं दरबारावरून नजर फिरवली. लाज शोधत होता तो. एखादी तरी मान खाली गेली असेल, असं त्याला वाटत होतं.

आजेईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नाना," तो म्हणाला, "म्हणजे साक्षीदार नाही."

बादू पुढे झाला आणि त्यानं काठी उचलली, अनवाणीच. नाना दोन शब्द पुटपुटला. बादूनं त्या दोन शब्दांचं केवढं तरी लांब भाषण केलं. त्यात पहिला अर्धा भाग ओच्यामे अमोआतेंगच्या सत्यवचनी जिभेचं कौतुक होता. दुसऱ्या अर्ध्या भागात मळा ओपोकूच्या घराण्याकडे परत गेला. कोकोच्या झाडांमधून तवियाहनं जो कसावा, म्हणजे खायचे कंद, लावला होता, तो मात्र तिचा. आठवडा संपायच्या आत तिनं काढून न्यावा, एवढी नानाची दया.

बाहेर आल्यावर लोकांनी अमोआतेंगला वाट करून दिली. एक म्हातारा त्याच्या दंडाला हात लावून म्हणाला, "खरं बोललात. असं बोलणारा आता होणे नाही." अमोआतेंगची छाती थोडी भरून आली. मग त्याला फाटकापाशी तवियाह दिसली. ती कमरेचं कापड कष्टाला जायच्या बाईसारखं घट्ट खोचत होती. शेजारी पोमा उभी होती.

तो जवळ गेला. "बाई, मी खोटं बोलू शकत नव्हतो."

"वर्षभर तर बोलत होतात," तवियाह म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आत्ताच आत सांगितलंत."

"ते वेगळं. त्या नुसत्या म्हणी होत्या."

"हो. काठीसाठी होत्या. या गाढवांना काहीही खपतं, हे तुम्हाला वर्षभर ठाऊक होतं, आणि वर्षभर ते तुम्ही स्वतःसाठी वापरलंत. आज एकदा माझ्यासाठी वापरायचं होतं. आणि ते खोटंही नव्हतं. तर आजच तुम्हाला सत्याचा उमाळा आला." तिनं खोचलेलं कापड ओढून पाहिलं. "आसेदाच्या दिवशी तुमचा हात इतका कापत होता की पेला हिंदकळत होता. बाकीच्यांनी पाहू नये म्हणून मी पाठ करून उभी राहिले आणि पेला तुमच्या तोंडाला लावला. मी ते आत सांगितलं नाही. तुमचा मान राहावा म्हणून."

अमोआतेंगनं पुन्हा आत शोधलं. पेला नव्हता. तिची पाठ नव्हती.

"चल," पोमा तवियाहला म्हणाली. "उद्या आजेईची माणसं येतील, त्याआधी कसावा जेवढा निघेल तेवढा काढू. माझ्याकडे दोन टोपल्या आहेत."

"पोमा," तो म्हणाला, "मी घरी कसा जाऊ?"

"काय सुंदर बोललात आज," पोमा म्हणाली. "इथेच बसा. ऐकणारी पुष्कळ आहेत." आणि तिनं जाता जाता त्याच्या कापडाची गाठ सोडली, गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि ती तवियाहच्या मागोमाग निघाली. दोघी लाल मातीच्या वाटेनं मळ्याकडे वळल्या. एकीनंही मागे पाहिलं नाही.

तो हातातल्या गोळ्यांकडे बघत उभा होता, तेवढ्यात मागून बादू आला. नुकतीच हाती आलेली काठी त्यानं छातीशी धरली होती आणि तापलेल्या दगडी फरशीवर तो एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होता.

"ओच्यामे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. ते आत जे बोललात ते झालं, दरबारात तसं बोलावंच लागतं, मी समजतो. पण ओपोकू... तो गेला का? की अजून आत बसलाय? माझ्या चपला त्या बाकाखालीच आहेत."

अमोआतेंगनं त्याच्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून आत पाहिलं. बाकावर तेच तपकिरी कापड होतं, जवळ घेतलेले तेच गुडघे होते.

"गेला," तो म्हणाला. "जा, घाल चपला."